टेनिस : मधल्या पायरीवरून वर कसे जावे?

प्रतिनिधी

टेनिस शिकण्याचे पहिले वर्ष अवघड असले तरी उत्साहाचे असते. चेंडू जाळीपलीकडे जाऊ लागतो, सर्व्हिस चौकोनात पडू लागते आणि एखाद्या रविवारी दुहेरीच्या सामन्यात कोणीतरी ‘चौथा’ म्हणून बोलावते. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांतील बहुतेक हौशी टेनिसपटू या पायरीपर्यंत येतात. अडचण त्यापुढे सुरू होते. तीच चौकडी, तेच कोर्ट, सकाळचा तोच एक तास आणि त्याच चुका, असे पाच-पाच वर्षे चालू राहते. मध्येच नवी रॅकेट घेतली जाते, चार दिवस खेळ सुधारल्यासारखा वाटतो आणि पुन्हा सारे पूर्वपदावर येते. हळूहळू कंटाळा येतो, कोपर दुखू लागते आणि किटबॅग माळ्यावर जाते.

हे टाळता येते. मधल्या टप्प्यावरच्या खेळाडूला अडवून ठेवणारी गोष्ट बहुधा ताकदीची कमतरता ही नसते. टाळता येण्याजोग्या चुका आणि मिळालेल्या वेळेचा बेहिशेबी वापर या दोन गोष्टी त्याला अडवतात. उपनगरात कोर्ट थोडी आणि खेळणारे अधिक, त्यामुळे आठवड्याला दोन-तीन तासांपलीकडे कोर्ट मिळणे कठीण. म्हणूनच त्या तासांत काय करायचे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. पुढील सूचना उजव्या हाताने खेळणाऱ्यांना धरून केल्या आहेत. डावखुऱ्यांनी बाजू बदलून वाचाव्यात.

मधली पायरी म्हणजे कोणती?

अमेरिकेत हौशी खेळाडूंची १ ते ७ अशी श्रेणी लावली जाते. त्यातील ३ ते ४ हा ढोबळमानाने मधला टप्पा मानला जातो. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाची ‘वर्ल्ड टेनिस नंबर’ ही पद्धत उलट दिशेने, म्हणजे ४० पासून १ कडे जाते. हे आकडे बाजूला ठेवले तरी स्वतःची परीक्षा घेण्याचा सोपा मार्ग आहे. मध्यम वेगाने, तिरप्या दिशेने, सलग दहा फटके जोडीदाराशी खेळता येतात का? दहा दुसऱ्या सर्व्हिसपैकी आठ चौकोनात पडतात का? बॅकहँडला आलेला उंच चेंडू पळ न काढता परत करता येतो का? यांपैकी दोन प्रश्नांची उत्तरे ‘कधी कधी’ अशी असतील, तर आपण मधल्या पायरीवर आहोत असे समजावे.

गुण मिळवले जात नाहीत, गमावले जातात

अमेरिकी अभियंता सायमन रामो यांनी १९७० च्या दशकात सामान्य टेनिसपटूंसाठी एक पुस्तक लिहिले. हौशी खेळात सुमारे ८० टक्के गुण कोणी जिंकत नाही, ते प्रतिस्पर्ध्याच्या चुकीने पदरात पडतात, असे त्यांचे निरीक्षण होते. व्यावसायिक आणि हौशी टेनिस यांची कोर्टे आणि नियम एकच, पण खेळ दोन वेगळे, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा. १९७५ मध्ये चार्ल्स एलिस यांनी हाच दाखला शेअर बाजाराला लावला आणि त्यांचा तो लेख गुंतवणूकदारांच्या जगात प्रसिद्ध झाला. हरणाऱ्याने कमी चुका केल्या तर तो जिंकू लागतो, हे सूत्र दोन्हीकडे लागू पडते.

याचा पडताळा पाहायचा असेल तर बाकावर बसलेल्या मित्राच्या हाती कागद-पेन्सिल द्यावी. चार रकाने पुरेसे आहेत : जाळीत, लांब, बाजूला बाहेर आणि डबल फॉल्ट. एका सेटमध्ये आपण गमावलेला प्रत्येक गुण कोणत्या रकान्यात जातो, एवढेच लिहायचे. प्रतिस्पर्ध्याच्या खरोखर अप्रतिम फटक्यांसाठी पाचवा रकाना ठेवावा. तो बहुधा जवळजवळ रिकामाच राहतो. उरलेल्या चारपैकी जो सर्वांत भरलेला असेल, तोच पुढील महिन्याचा अभ्यासक्रम.

रॉजर फेडरर यांनी २०२४ मध्ये डार्टमथ महाविद्यालयाच्या पदवीदान समारंभात स्वतःचा हिशेब सांगितला होता. कारकिर्दीत एकेरीचे १,५२६ सामने, त्यांतील जवळपास ८० टक्के विजय. पण जिंकलेले गुण मात्र केवळ ५४ टक्के. जगातील सर्वोत्तम खेळाडूही जवळजवळ निम्मे गुण गमावतो. याचा अर्थ शंभरात पाच-सहा चुका कमी करणे हीसुद्धा मोठी मजल आहे.

जाळीवरची उंची आणि तिरपी दिशा

चुका कमी करायच्या म्हणजे चेंडू हळूच ढकलत राहायचा असे नाही. कोर्टाची मापे नीट ध्यानात घेतली तर जोरात मारूनही सुरक्षित खेळता येते. कोर्टाची लांबी २३.७७ मीटर, एकेरीची रुंदी ८.२३ मीटर आणि दुहेरीची १०.९७ मीटर. जाळी मध्यभागी ९१.४ सेंटिमीटर, तर खांबापाशी १.०७ मीटर उंच असते. म्हणजे मधोमध जाळी कडेपेक्षा सुमारे १५ सेंटिमीटर खाली असते. फटका सरळ रेषेत मारला तर तो उंच जाळीवरून जातो आणि त्याला २३.७७ मीटर जागा मिळते. तोच फटका एका कोपऱ्यातून समोरच्या तिरप्या कोपऱ्याकडे मारला, तर जाळी ठेंगणी मिळते आणि एकेरीच्या कोर्टातही अंतर सुमारे २५.१५ मीटर, म्हणजे जवळपास १.४ मीटर अधिक मिळते. दुहेरीत हा फायदा सुमारे २.४ मीटरपर्यंत जातो. म्हणून जोवर चेंडू आखूड आणि सोपा येत नाही, तोवर तिरपे खेळत राहावे. सरळ रेषेतला फटका हा शेवटचा घाव आहे, रोजचा व्यवहार नव्हे.

दुसरी गोष्ट उंचीची. जाळीला घासून जाणारा फटका दिसायला देखणा, पण मधल्या पायरीवरच्या खेळाडूच्या चिठ्ठीत ‘जाळीत’ हा रकाना भरण्याचे तेच कारण असते. बेसलाइनवरून खेळताना चेंडू जाळीच्या वर एक ते दीड मीटर जावा. रॅकेटची लांबी साधारण ६८.५ सेंटिमीटर असते, म्हणजे जाळीवर दोन रॅकेट उभ्या ठेवल्यासारखे समजून त्या खिडकीतून चेंडू पाठवायचा. या उंचीमुळे चेंडू आपोआप खोल पडतो. सर्व्हिसची रेषा जाळीपासून ६.४० मीटरवर आहे आणि तिच्यामागे बेसलाइनपर्यंत सुमारे साडेपाच मीटरचा पट्टा उरतो. सरावात तेवढाच पट्टा लक्ष्य मानावा. तिथे पडलेल्या चेंडूवर प्रतिस्पर्ध्याला पुढे येऊन हल्ला करता येत नाही.

एवढ्या उंचीवरून मारलेला जोरदार चेंडू बाहेर जाऊ नये, यासाठी टॉपस्पिन. रॅकेट चेंडूच्या खालून वर घासत गेली की चेंडू पुढच्या दिशेने फिरतो आणि हवेचा दाब त्याला खाली खेचतो. भौतिकशास्त्रात याला मॅग्नस परिणाम म्हणतात. यासाठी मनगट फिरवण्याची गरज नाही. रॅकेटचे डोके चेंडूच्या पातळीखाली नेऊन खांद्याच्या उंचीवर संपवले की पुरते.

सोसायटीच्या कोर्टावर खेळणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. तेथील जाळी अनेकदा सैल पडलेली किंवा भलतीच ताणलेली असते. एक रॅकेट उभी धरून तिच्यावर दुसऱ्या रॅकेटचे डोके आडवे ठेवले की साधारण तीन फूट भरतात. खेळापूर्वी मध्यभागी एवढे माप घेण्यास अर्धे मिनिट लागते. चुकीच्या उंचीच्या जाळीवर केलेला सराव दुसऱ्या कोर्टावर फसतो.

सर्व्हिस : आधी दुसरी, मग पहिली

बहुतेकांचा सर्व्हिसचा सराव जोरदार पहिल्या सर्व्हिसपासून सुरू होतो आणि तिथेच संपतो. सामन्यात मात्र पहिली हुकली की दुसरी सर्व्हिस घाबरत घाबरत ढकलली जाते. याचा हिशेब मांडून पाहावा. पहिली सर्व्हिस ५० टक्के आणि दुसरी ८० टक्के आत पडत असेल, तर प्रत्येक दहा गुणांमागे एक डबल फॉल्ट होतो. म्हणजे साधारण दोन गेममागे एक गुण न खेळताच दान होतो. पहिलीचा जोर थोडा कमी करून ती ६५ टक्क्यांवर आणि दुसरी ९० टक्क्यांवर नेली, तर हेच प्रमाण शंभरात साडेतीनवर येते. फेडरर यांच्यासारख्या खेळाडूनेही कारकिर्दीत पहिल्या सर्व्हिसवर सुमारे ७७ टक्के, तर दुसरीवर सुमारे ५७ टक्के गुण मिळवले. पहिली सर्व्हिस आत पडण्याची किंमत या फरकातून कळते.

दुसरी सर्व्हिस विश्वासार्ह करण्यासाठी तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली पकड. हातोडी धरावी तशी रॅकेट धरायची. हिला कॉन्टिनेंटल पकड म्हणतात. फोरहँडच्या पकडीने केलेल्या सर्व्हिसला फिरकी देता येत नाही, आणि मधल्या पायरीवर अडकलेल्या कित्येकांचे दुखणे नेमके इथे असते. पकड बदलल्यावर पहिले दोन-तीन आठवडे चेंडू भलतीकडेच जाईल, तेवढा धीर धरावा लागतो. दुसरी गोष्ट चेंडूची उंच फेक. चेंडू फेकून तो न मारता खाली पडू द्यावा. तो डाव्या पावलाच्या पुढे, बेसलाइनच्या साधारण फूटभर आत पडला पाहिजे. दहापैकी आठ वेळा तिथेच पडेपर्यंत रॅकेट फिरवू नये. हा सराव घराच्या गच्चीतही करता येतो. तिसरी गोष्ट वेगाची. दुसऱ्या सर्व्हिसला रॅकेट हळू फिरवायची नसते. ती तितक्याच वेगाने फिरवून तो वेग चेंडूच्या फिरकीत घालायचा असतो. रॅकेट आवरली की फिरकी नाहीशी होते आणि चेंडू एक तर जाळीत जातो किंवा प्रतिस्पर्ध्यापुढे ताटात वाढल्यासारखा पडतो.

सरावासाठी एक चांगली युक्ती म्हणजे केवळ दुसऱ्या सर्व्हिसचा सेट. प्रत्येक गुणाला एकच सर्व्हिस, हुकली तर गुण गेला. दोन-तीन आठवड्यांत दुसऱ्या सर्व्हिसची भीती ओसरते.

परतीचा फटका आणि पाय

टेनिसमध्ये रॅली लांबते असा समज आहे. व्यावसायिक स्पर्धांच्या आकडेवारीत मात्र सुमारे ७० टक्के गुण पहिल्या चार फटक्यांत संपतात. म्हणजे सर्व्हिस आणि परतीचा फटका हेच खेळातील सर्वांत महत्त्वाचे फटके, आणि परतीच्या फटक्याचा सराव मात्र जवळजवळ कोणीच करत नाही. परतीच्या फटक्याला रॅकेट फार मागे नेऊ नये. खांदे वळवले की पुरेसे. एकेरीत लक्ष्य कोपरा नसून मधोमध, खोलवर. मध्यावरून प्रतिस्पर्ध्याला कोन साधता येत नाही.

पायांची गोष्ट याहून मोठी. प्रतिस्पर्धी चेंडू मारण्याच्या क्षणी दोन्ही पावलांवर एक छोटी उडी घ्यावी आणि त्याचा फटका बसताना जमिनीवर उतरावे. पाय तेव्हा स्प्रिंगसारखे तयार असतात आणि कोणत्याही दिशेला पहिले पाऊल लवकर पडते. ही उडी प्रत्येक फटक्याआधी हवी, केवळ सर्व्हिस घेताना नव्हे. फटका उशिरा बसतो तो हात मंद असल्यामुळे नव्हे, पाय उशिरा हलल्यामुळे. चेंडू येताना मोठी पावले टाकावीत आणि जवळ पोचल्यावर लहान लहान, म्हणजे अंतर जुळते.

दुहेरीचे व्याकरण

उपनगरांतील हौशी टेनिस मुख्यतः दुहेरीचे आहे. एका कोर्टावर चौघांना खेळायला मिळते, धावणे निम्म्याने कमी होते आणि पन्नाशीनंतरही खेळता येते. रोहन बोपण्णा यांनी जानेवारी २०२४ मध्ये मॅथ्यू एब्डनच्या साथीने ऑस्ट्रेलियन ओपनचे पुरुष दुहेरीचे विजेतेपद मिळवले, तेव्हा ते ४३ वर्षांचे होते. त्याच सुमारास ते दुहेरीच्या क्रमवारीत पहिल्या स्थानी पोचणारे सर्वांत वयस्क खेळाडू ठरले. गुडघ्यांतील कूर्चा झिजल्यानंतर अय्यंगार योगाने आपल्याला सावरले, असे त्यांनी अनेकदा सांगितले आहे. बी. के. एस. अय्यंगार यांनी पुण्यात रुजवलेली ही पद्धत कोर्टावरही उपयोगी पडली.

पण दुहेरी म्हणजे दोन एकेरी खेळाडू शेजारी उभे करणे नव्हे. मधल्या पायरीवर सर्वाधिक दिसणारी रचना म्हणजे एक जण जाळीजवळ आणि दुसरा बेसलाइनवर कायमचा मुक्कामी. या दोघांमध्ये तिरपी मोठी फट पडते आणि जाणकार प्रतिस्पर्धी नेमका तिथून चेंडू काढतो. दोघांच्या कमरेला तीन-चार मीटरची दोरी बांधली आहे अशी कल्पना करावी. एक पुढे गेला की दुसरा पुढे, एक उजवीकडे सरकला की दुसराही उजवीकडे.

जाळीजवळच्या खेळाडूने नुसते उभे राहू नये. जोडीदाराची सर्व्हिस आत पडली की मध्याकडे एक पाऊल टाकावे. प्रतिस्पर्ध्याच्या नजरेच्या कोपऱ्यात हालचाल दिसली तरी त्याची चूक होते. व्हॉलीसाठी लक्ष्य ठरलेले असावे : दोघांच्या मधोमध. तिथे जाळी ठेंगणी, चेंडू बाहेर जाण्याचा धोका कमी आणि प्रतिस्पर्ध्यांत ‘तुझा की माझा’ हा गोंधळ. परतीचा फटका तिरपा, जाळीवरच्या खेळाडूपासून दूर. तो फारच पुढे सरसावत असेल तर त्याच्या डोक्यावरून लॉब. लॉब हा भित्र्यांचा फटका मानला जातो, तो समज चुकीचा आहे. समोर सूर्य असलेल्या सकाळी तर तो अर्धा सामना जिंकून देतो.

आणि बोलावे. ‘माझा’, ‘तुझा’, ‘सोड’, ‘बदल’ हे चार शब्द वेळेवर उच्चारले तर अनेक गुण वाचतात.

एका तासाचा हिशेब

येणारा प्रत्येक तास सामन्यात घालवला तर जुन्याच सवयी पक्क्या होतात. सामन्यात हरण्याची भीती असते आणि त्या भीतीपोटी खेळाडू आपला दुबळा फटका टाळतो. बॅकहँड लपवून पाच वर्षे फोरहँड मारता येतो, पण खेळ पुढे जात नाही. म्हणून आठवड्यातील एक तरी तास पुढीलप्रमाणे वाटून घ्यावा.

पहिली पाच मिनिटे कोर्टाबाहेर : जागच्या जागी धावणे, हात-खांद्यांची वर्तुळे, बाजूला पावले. तास सुरू होण्याआधीच हे उरकावे. नंतरची पाच मिनिटे चौघांनीही सर्व्हिसच्या चौकोनांत उभे राहून हळू खेळावे. पुढची पंधरा मिनिटे दोन जोड्यांनी एकाच कोर्टावर, दोन चेंडूंनी, तिरप्या रॅली कराव्यात. सलग दहा, मग पंधरा, मग वीस फटक्यांचे लक्ष्य ठेवावे आणि मध्येच बाजू बदलून बॅकहँडला तेवढाच वेळ द्यावा. पायाखाली आलेला चेंडू मात्र लगेच उचलावा, घोटा मुरगळण्याचे ते हमखास कारण आहे. त्यानंतर पंधरा मिनिटे सर्व्हिस आणि परतीचा फटका : दोघांनी सर्व्हिस करायची, दोघांनी परतवायची. उरलेल्या पंचवीस मिनिटांत दहा गुणांचे टायब्रेक खेळावेत, प्रत्येक वेळी जोडीदार बदलून.

चौकडीही अधूनमधून मोडावी. वर्षानुवर्षे त्याच चौघांत खेळले की प्रत्येकाला दुसऱ्याचा फटका आधीच कळतो आणि नवे काही शिकण्याचे कारण उरत नाही. आपल्याहून सरस, बरोबरीचा आणि कच्चा अशा तिन्ही प्रकारच्या खेळाडूंबरोबर खेळावे. सरस खेळाडू आपल्या उणिवा उघड्या करतो, तर कच्च्याबरोबर नवा फटका न घाबरता वापरून पाहता येतो. २०१४ पासून घाटकोपर आणि वर्सोवा मेट्रोने जोडले गेले, त्यामुळे पूर्व उपनगरातल्या खेळाडूला अंधेरीतला जोडीदार आता परका राहिलेला नाही.

प्रशिक्षकाकडे रोज जाणे सर्वांना शक्य नसते. महिन्यातून एक शिकवणी आणि मध्ये स्वतःचा सराव, हा मार्ग खिशाला परवडतो. मात्र ‘माझा खेळ बघा’ असे मोघम सांगू नये. ‘बॅकहँडवर उंच आलेला चेंडू जाळीत जातो’ असा नेमका प्रश्न घेऊन जावे. मोबाइलवर मागून आणि बाजूने केलेले दोन मिनिटांचे चित्रण सोबत असेल तर काम सोपे होते.

पावसाळ्याचे चार महिने

जून ते सप्टेंबर मुंबईतील उघडी कोर्टे भरवशाची नसतात. ओल्या हार्ड कोर्टवर रंगवलेल्या रेषा सर्वांत आधी निसरड्या होतात, कडेला शेवाळ धरते आणि चेंडू पाणी पिऊन जड होतो. अशा चेंडूने खेळणे कोपराला महागात पडते. पाऊस उघडल्यावर कोर्ट पुरते वाळेपर्यंत थांबणेच शहाणपणाचे.

या काळात भिंत हा उत्तम जोडीदार आहे. ती कधी दमत नाही, चुकतही नाही. सोसायटीच्या वाहनतळाखाली कोरडी भिंत असेल तर परवानगी घेऊन तीन फुटांवर खडूने रेषा आखावी, सहा-सात मीटरवर उभे राहावे आणि चेंडूला दोन टप्पे पडू द्यावेत. शेजाऱ्यांची झोप आणि मोटारींच्या काचा यांचा विचार करून मुलांसाठीचे मऊ चेंडू वापरावेत. हिरवी खूण असलेला चेंडू नेहमीच्या चेंडूपेक्षा सुमारे २५ टक्के आणि नारिंगी सुमारे ५० टक्के मंद असतो. आरशासमोर रॅकेटविना सर्व्हिसची कृती, दोरीवरच्या उड्या, बैठका आणि बाजूला पावले टाकण्याचा व्यायाम यांनी चार महिने वाया जात नाहीत. त्यानंतर ऑक्टोबरचा उकाडा येतो. तेव्हा सकाळी लवकर किंवा दिवे लागल्यावर खेळावे आणि पाण्याबरोबर लिंबू-मीठ-साखर घेण्यास विसरू नये.

रॅकेट, गटिंग, चेंडू, बूट

रॅकेट बदलण्याआधी गटिंग बदलून पाहावे. आठवड्यातून जितके दिवस खेळतो, वर्षातून तितक्या वेळा तारा बदलाव्यात, असा जुना ठोकताळा आहे. व्यावसायिकांना पाहून कडक पॉलिस्टर तारा घालण्याची हौस अनेकांना असते. त्या तारांचा फायदा रॅकेट अतिशय वेगाने फिरवणाऱ्याला होतो. इतरांच्या हाताला केवळ धक्का बसतो. मधल्या पायरीवर मल्टिफिलामेंट किंवा सिंथेटिक गट, ५० ते ५५ पौंडांच्या ताणावर, बहुतेकांना मानवते.

नियमानुसार चेंडू १०० इंचांवरून टणक पृष्ठभागावर टाकल्यास ५३ ते ५८ इंच उसळायला हवा, म्हणजे निम्म्याहून थोडा अधिक. डब्यातील दाब निघून गेलेला चेंडू याहून कमी उसळतो, तेव्हा तो भिंतीच्या सरावासाठी ठेवावा. धावण्याचे बूट टेनिसला चालत नाहीत. ते पुढे धावण्यासाठी बनवलेले असतात, टेनिसमध्ये पाऊल सतत बाजूला पडते.

कोपराचे ऐका

कोपराच्या बाहेरच्या बाजूला, कप उचलतानाही येणारी कळ म्हणजे बहुधा टेनिस एल्बो. सचिन तेंडुलकर यांना २००४ मध्ये याच दुखण्याने ग्रासले आणि २००५ मध्ये शस्त्रक्रिया करावी लागली. म्हणजे हे दुखणे केवळ टेनिसपटूंचे नाही. एका हाताचा बॅकहँड उशिरा आणि मनगटाच्या जोरावर मारणे, मूठ आवळून धरणे, कडक तारा आणि मेलेले किंवा ओले चेंडू ही त्याची नेहमीची कारणे. दुखत असताना गोळी घेऊन खेळू नये. आठवडा-दोन आठवडे विश्रांतीने फरक पडला नाही तर अस्थिरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवावे. परतल्यावर पकड सैल ठेवावी. बॅकहँड दोन हातांचा करून पाहण्यासही हरकत नाही.

सामन्यात आणि प्रेक्षकांत

सरावात जमलेले सामन्यात निसटते, कारण दोन गुणांमधल्या वेळेचा उपयोग केला जात नाही. व्यावसायिक टेनिसमध्ये हा वेळ २५ सेकंदांचा असतो. चूक झाली की पाठ फिरवावी, तारा सरळ कराव्यात, एक दीर्घ श्वास घ्यावा आणि पुढची सर्व्हिस कुठे करायची एवढेच ठरवावे. ३० सप्टेंबर २०२३ रोजी हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत पुण्याची ऋतुजा भोसले आणि बोपण्णा यांनी मिश्र दुहेरीच्या अंतिम लढतीत पहिला सेट २-६ असा गमावला होता. पुढचा सेट ६-३ आणि निर्णायक टायब्रेक १०-४ जिंकून त्यांनी सुवर्णपदक मिळवले. हरलेला सेट संपलेला असतो, सामना नव्हे.

चांगले टेनिस जवळून पाहणे हाही सराव आहे. मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या कोर्टांवर २०१७ मध्ये झालेली मुंबई ओपन स्पर्धा अरिना सबालेंका हिने जिंकली होती. पुढे २०२३ मध्ये ती जगात पहिल्या क्रमांकावर पोचली. २०२४ आणि २०२५ मध्ये ही स्पर्धा पुन्हा तिथेच भरली. अशा ठिकाणी गेल्यावर दहा मिनिटे चेंडूकडे न पाहता एकाच खेळाडूच्या पायांकडे पाहावे. दूरचित्रवाणीवर न दिसणारी ती छोटी उडी आणि ती लहान लहान पावले तिथे स्पष्ट दिसतात. ज्यांना स्पर्धात्मक खेळाची ओढ आहे, त्यांच्यासाठी आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या मास्टर्स स्पर्धा तिशीपासून पुढे पाच-पाच वर्षांच्या वयोगटांत होतात.

सुरुवात मात्र मोठ्या संकल्पाने करू नये. पुढच्या तीन महिन्यांसाठी दोनच गोष्टी ठरवाव्यात : चार रकान्यांची चिठ्ठी आणि आठवड्यातून एक सरावाचा तास. तीन महिन्यांनंतर पहिली आणि शेवटची चिठ्ठी शेजारी ठेवावी. सर्वांत भरलेला रकाना थोडा जरी हलका झाला असेल, तर पाय पुढच्या पायरीवर पडला आहे. नसेल, तर प्रशिक्षकाला विचारायचा नेमका प्रश्न तरी हाती आलेला असेल.